घाट चढताना गाडी दम टाकते? आधी फ्युएल प्रेशर बघा

हे पेट्रोल एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या) गाड्यांबद्दल आहे, डिझेलचं गणित वेगळं. सपाट रस्त्यावर गाडी नीट पळते पण घाटात अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मरगळते, किंवा सकाळी दोन-तीनदा सेल्फ मारल्याशिवाय चालूच होत नाही, तर प्लग बदलत बसू नका.

चावी ऑन करा, सेल्फ मारू नका, आणि मागच्या सीटकडे कान द्या, टाकीतल्या फ्युएल पंपाचा एक-दोन सेकंद गुंss असा आवाज यायला हवा. नाही आला तर आधी पंपाचा फ्यूज आणि रिले (पंपाला करंट देणारा स्विच) बघा, बऱ्याचदा एवढ्यातच काम होतं. आवाज येतोय तर फ्युएल लाइनला प्रेशर गेज लावून मोजा, बऱ्याच गाड्यांत साधारण ३ ते ४ बार लागतं, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा.

पाइप काढायच्या आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, लाइनमधलं प्रेशर उतरतं. इंजिन गार पाहिजे, जवळ बिडी-काडी नको, हे खरंच मनावर घ्या!

प्रेशर कमी दिसलं तर लगेच पंप घेऊ नका राव. आधी फिल्टर बदला, मग पंपाच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजा, कारण अर्थिंग गंजलं की चांगला पंपही ढिला पडतो. प्रेशर रेग्युलेटरच्या (लाइनमधलं प्रेशर ठरावीक ठेवणाऱ्या भागाच्या) व्हॅक्यूम पाइपमध्ये पेट्रोल दिसलं तर त्याचा डायफ्राम (आतला पडदा) फाटलाय, रेग्युलेटरच बदला. हे सगळं ठीक असेल तरच टाकी उघडा, पंपाच्या तोंडाशी असलेल्या जाळीत कचरा असतो, आणि जाळी साफ असेल तर मात्र पंपच गेलाय.