गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग: एमआरआय कसा काढावा, कसा वाचावा

कर्करोग आहे की नाही, हे एमआरआय ठरवत नाही. ते बायोप्सी ठरवते. पाळी कायमची गेल्यानंतर अंगावरून रक्त गेलं आणि सोनोग्राफीत अस्तर ४ मिमीपेक्षा जाड निघालं, की आधी अस्तराचा तुकडा तपासायला जातो. एमआरआयचा नंबर त्यानंतर लागतो. त्याच्याकडून मुख्यतः एवढंच हवं असतं: गाठ स्नायूच्या थरात अर्ध्यापेक्षा कमी शिरली आहे, की ५० टक्के किंवा त्याहून जास्त? नेहमीच्या, कमी आक्रमक प्रकारांत १ए आणि १बी (पहिल्या टप्प्याचे दोन भाग) हा फरक याच रेषेवर ठरतो. फिगोच्या (स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) २०२३ च्या वर्गीकरणात आक्रमक प्रकाराची गाठ स्नायूत जराशी जरी शिरली, तरी ती थेट दुसऱ्या टप्प्यात जाते. म्हणून बायोप्सीचा रिपोर्ट हातात नसताना स्कॅन वाचायला बसू नका.

तयारी साधी आहे. ४ ते ६ तास उपाशी ठेवा आणि तासभर आधी लघवी करून यायला सांगा. मूत्राशय तुडुंब भरलं की पेशंट चुळबुळ करते आणि चित्र हलतं. अर्धवट भरलेलं चांगलं. आतड्यांची हालचाल थांबवायला हायोसीन ब्युटिलब्रोमाइड २० मिग्रॅ शिरेतून देतात, पण अँगल क्लोजर काचबिंदू, मायस्थेनिया (स्नायू दुबळे करणारा आजार) किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास आहे का, हे विचारल्याशिवाय नाही. पोटाच्या पुढच्या चरबीवर सॅच्युरेशन बँड (त्या भागाचा सिग्नल दाबणारा पट्टा) टाकला, की श्वासाबरोबर चित्रात उमटणारी भुतं, म्हणजे खोट्या सावल्या, बरीच कमी होतात.

खरी मेख आहे ती काप घेण्यात. गर्भाशय सरळ उभं नसतं. ते पुढे वाकलेलं असतं, कधी मागे, आणि बऱ्याचदा एका बाजूला कललेलं. शरीराच्या सरळ अक्षात काप घेतले तर गर्भाशय तिरकं कापलं जातं. पाइप तिरका कापला की त्याची भिंत जाड दिसते, तसंच इथे होतं, आणि खोलीचा हिशोब तिथेच बिघडतो. म्हणून आधी गर्भाशयाच्या लांबीला धरून सॅजिटल (बाजूने दिसणारा उभा काप) टी-टू घ्या; टी-टू हा पाणी उजळ दाखवणारा एमआरआयचा प्रकार. त्यावर गर्भाशयाच्या पोकळीची रेषा पाहा आणि तिला बरोबर काटकोनात ऑब्लिक अ‍ॅक्सियल (तिरका आडवा) टी-टू लावा. कापाची जाडी ४ मिमीच्या वर नको, ३ मिमी मिळाली तर उत्तम. फील्ड ऑफ व्ह्यू (चित्रात येणारा भाग) २० ते २५ सेमी. गाठ गर्भाशयमुखात गेल्याची शंका असेल तर त्याच्या नळीला काटकोनात वेगळी सिरीज घ्या, कारण मुख आणि वरचा भाग सहसा एका रेषेत नसतात.

डिफ्यूजन (पेशींमधल्या पाण्याची हालचाल दाखवणारा स्कॅन) त्याच कोनात आणि त्याच जाडीत घ्या, म्हणजे टी-टूवर ठेवून तुलना करता येते. बी-व्हॅल्यू (डिफ्यूजन किती ठळक दाखवायचं त्याचा आकडा) ० किंवा ५० आणि ८०० ते १०००. गाठ वरच्या बी-व्हॅल्यूवर उजळ आणि एडीसी नकाशावर (त्याच डिफ्यूजनमधून मोजून काढलेल्या चित्रावर) काळी दिसली पाहिजे. दोन्हीकडे उजळ असेल तर तो टी-टूचाच उजेड झिरपलेला. दोन्हीकडे काळं असेल तर बहुधा फायब्रॉइड. एडीसी न उघडता डिफ्यूजन वाचणं म्हणजे अर्धाच रिपोर्ट वाचणं. शिवाय निरोगी अस्तरही डिफ्यूजनवर उजळ असू शकतं, आणि गुदाशयात गॅस असला की चित्र वाकडं होतं.

गॅडोलिनियम (शिरेतून द्यायचं कॉन्ट्रास्ट औषध) किलोमागे ०.१ मिलिमोल, सेकंदाला २ मिली वेगाने. ०.५ मोलरचं औषध असेल तर ६० किलो वजनाला १२ मिली. मूत्रपिंडाचा ईजीएफआर (रक्त गाळण्याच्या वेगाचा आकडा) ३० च्या खाली असेल तर आधी थांबून विचार करा. वेळा पक्क्या ठेवा: ३५-४० सेकंदांना अस्तराखालची उजळ रेषा अखंड आहे का ते दिसतं. अडीच मिनिटांच्या आसपास स्नायू उजळ आणि गाठ त्यापेक्षा गडद, म्हणजे खोली मोजायची हीच वेळ. चार मिनिटांनंतरचा स्कॅन गर्भाशयमुखासाठी.

खोली मोजताना, गाठ नसती तर अस्तर आणि स्नायूची सीमा जिथे असती, तिथे एक रेषा ओढा. तिथून गाठीच्या सर्वांत खोल टोकापर्यंतचं अंतर, भागिले त्याच ठिकाणची स्नायूची पूर्ण जाडी. ९ मिमी आणि १६ मिमी आले तर ५६ टक्के, म्हणजे १बी. गाठ टी-टूवर मध्यम करडी दिसते: निरोगी अस्तरापेक्षा गडद, काळ्या जंक्शनल झोनपेक्षा (अस्तराला लागून असलेल्या स्नायूच्या आतल्या पट्ट्यापेक्षा) उजळ. पाळी गेलेल्यांत मात्र हा काळा पट्टाच पुसट होतो. तिथे डिफ्यूजन आणि कॉन्ट्रास्टवरच भिस्त.

चुका ठरावीक जागी होतात. पोकळीत फुगलेली पॉलिपसारखी गाठ स्नायूला दाबून पातळ करते आणि ‘खोल शिरली’ असा भास होतो. बीजनलिका जिथे सुरू होतात त्या कोपऱ्यांत स्नायू मुळातच पातळ असतो. अ‍ॅडिनोमायोसिस (अस्तराच्या पेशी आधीच स्नायूत शिरलेल्या असणं) सगळ्यांत फसवं: गाठ त्या जुन्या खळग्यांमधून पसरली तर खोली वाढल्यासारखी वाटते. नुकतंच क्युरेटिंग (अस्तर खरवडणं) झालं असेल तर रक्ताची गुठळी गाठीसारखी दिसते. चरबी दाबलेल्या टी-वनवर (एमआरआयचा दुसरा प्रकार) ती उजळ दिसली तर उलगडा होतो.

गाठ गर्भाशयमुखाच्या नळीत नुसती डोकावत असेल, पण नळीभोवतालचं काळं कडं (गर्भाशयमुखाचा तंतुमय थर) शाबूत असेल, तर तो दुसरा टप्पा नव्हे. ही चूक फार होते.

लसीका गाठींसाठी मूत्रपिंडापासून जघनास्थीपर्यंत एक मोठा स्कॅन. ओटीपोटात आडवी जाडी ८ मिमीच्या वर आणि महाधमनीजवळ १० मिमीच्या वर असेल तर संशय घ्या. डिफ्यूजनवर निरोगी लसीका गाठही चमकते, त्यामुळे नुसत्या चमकण्यावर रिपोर्ट लिहू नका.

मूल हवं असलेल्या तरुण रुग्णात हार्मोनवर उपचार करायचा विचार असेल, तर प्रश्न बदलतो: स्नायूत जराही शिरकाव आहे का? तिथे ‘५० टक्क्यांपेक्षा कमी’ हे उत्तर पुरत नाही. ‘शिरकाव दिसत नाही’ किंवा ‘शंका आहे, या कापावर’ असं कापाच्या क्रमांकासकट लिहा.