एक्स-वाय न आणता दुसरी-तिसरीच्या पोरांना बीजगणित कसं शिकवायचं

आधी कागदावर ८ + ४ = □ + ५ लिहा आणि चौकटीत काय येईल ते विचारा. बरीच मुलं १२ लिहितात, काही जण दिसेल ते सगळं मिळवून १७ करतात, ७ लिहिणारं एखादंच. बेरीज येत नाही असं नसतं हो, = दिसलं की पुढे उत्तर लिहायचं हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं, आणि बसणारच, कारण पहिलीपासून आपण डावीकडे गणित आणि उजवीकडे उत्तर एवढंच दाखवतो. सुरुवात इथूनच करायची.

कपड्याच्या हँगरच्या दोन टोकांना सारखे प्लास्टिकचे कप दोऱ्याने बांधा आणि एका साइझच्या गोट्या घ्या (चिंचोके नको, वजन लहानमोठं असतं). एका कपात ८ आणि ४, दुसऱ्यात ५, आता अजून किती टाकल्या की हँगर सरळ होईल? पोरांना टाकून बघू द्या, आपण मध्ये बोलायचं नाही. जाता जाता सांगा की = हे चिन्ह १५५७ साली रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्सच्या गणितज्ञाने आणलं, दोन सारख्या समांतर रेषा काढल्या कारण त्याच्या मते याहून सारखं काही असूच शकत नाही.

मग खरं की खोटं खेळा: ९ = ४ + ५, ६ + ३ = ३ + ६, ५ + २ = ७ + १, आणि ७ = ७. शेवटच्यावर हमखास भांडण होतं, "यात गणित कुठंय?" होऊ द्या भांडण, लगेच समजवायला जाऊ नका.

आता माझा सगळ्यात आवडता भाग, बेरीज न करता ओळखायचं. ४७ + २८ = □ + २७. २८ चे २७ झाले, म्हणजे एक कमी पडला, तो दुसरीकडे भरला पाहिजे, म्हणून ४८. हे जमलं की वजाबाकी द्या, ५३ − १९ = □ − २०. इथे पोरं सवयीने ५२ म्हणतात, पण एक जास्त काढून घ्यायचाय तर आधी एक जास्त असायला नको का? ५४. "का?" हा प्रश्न उत्तर बरोबर असलं तरी विचारायचाच.

तिसरीत गुणाकार येत असेल तर खराट्याच्या काड्यांचे एकाला एक चिकटलेले चौकोन करा. एकाला ४ काड्या, दोनाला ७, तिनाला १०. दहा चौकोनांना किती? मोजत बसू नका म्हणायचं. कोणी म्हणेल सुरुवातीची एक काडी आणि दरवेळी तीन, कोणी म्हणेल प्रत्येकी ४ धरा आणि मधल्या ९ कमी करा. दोघांचं ३१च येतं, दोन्ही फळ्यावर लिहा, मग शंभर चौकोन विचारा.

अक्षराची घाई नको. मनात धरलेल्या संख्येसाठी डब्याचं चित्र चालतं, डबा + डबा + १ असं लिहायला पोरांना काहीच वाटत नाही, आणि सारखं चित्र काढायचा कंटाळा आला की तीच विचारतात सर एखादं अक्षर लिहू का. लिहू द्या, फक्त ५क म्हणजे पाच केळी असं चुकूनही शिकवू नका, क ही संख्या आहे, केळं नाही.