यादवीनंतर नोकरशाही उभी करताना या चुका टाळा

पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियातली यादवी 2003 मध्ये थांबली, तेव्हा आपले कर्मचारी नेमके किती हे सरकारलाही खात्रीने सांगता येत नव्हते. दप्तरे नष्ट झाली होती, जाणते अधिकारी देश सोडून गेले होते. 2006 मध्ये एलेन जॉन्सन सरलीफ राष्ट्राध्यक्ष झाल्या आणि सुधारणांनी वेग घेतला.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे यादी साफ होण्याआधीच नोकरकपात करणे. मेलेल्यांच्या, परागंदा झालेल्यांच्या, कधी रुजूच न झालेल्यांच्या नावावर पगार निघत असताना सरसकट कपात केली, तर खरा शिक्षक घरी बसतो आणि बोगस नाव वशिल्यावर टिकते. लायबेरियाने कर्मचाऱ्यांची समक्ष पडताळणी केली, बायोमेट्रिक ओळखपत्रे दिली. हेच आधी व्हायला हवे.

काढलेली बोगस नावे पुन्हा यादीत दिसू लागली, तर दोन दप्तरे ताडून पाहा. नेमणुकीची नोंद एका खात्यात, पगारपत्रक अर्थखात्यात आणि दोन्हींचा मेळ कोणीच घालत नाही, असे बहुतेक वेळा आढळते. बदली, निवृत्ती, मृत्यू यांची नोंद सेवापुस्तिकेत होताच पगारपत्रकही बदलले पाहिजे. एका मोहिमेने हे काम संपत नाही.

शिक्षक शाळेत नाही म्हणून लगेच त्याला कामचुकार ठरवू नका. लायबेरियात दूरच्या जिल्ह्यांतल्या कर्मचाऱ्यांना पगारासाठी राजधानी मन्रोव्हिया गाठावी लागे. पावसाळ्यात रस्ते चिखलात जात, प्रवासात दिवस मोडत आणि तुटपुंज्या पगारातला मोठा वाटा भाड्यातच संपे. अशा माणसावर कारवाई करणे हा अन्याय आहे. आधी पगार त्याच्या गावाजवळ पोहोचवा. पुढे तिथे मोबाइलवरून पगार देण्याची सोय झाली, ती याचसाठी.

यादवी थांबवणाऱ्या 2003 च्या अक्रा शांतता करारात लढणाऱ्या गटांना मंत्रिपदे वाटून दिली गेली. शांततेसाठी ती किंमत कदाचित मोजावीच लागते. पण मंत्र्याबरोबर कारकून आणि शिपायांची भरतीही त्याच गटाच्या हाती गेली, तर पुढची अनेक वर्षे खाते त्या गटाचेच राहते. भरतीचा अधिकार पहिल्या दिवसापासून स्वतंत्र यंत्रणेकडे हवा.

परदेशी तज्ज्ञांचेही तसेच. सरकारी पैशांवर देखरेख ठेवण्यासाठी लायबेरियाने देणगीदारांबरोबर केलेल्या 2005 च्या 'जेमॅप' करारानुसार महत्त्वाच्या खर्चावर या तज्ज्ञांची सही लागू लागली. गळती रोखायला हा उपाय मला योग्य वाटतो, मात्र त्या सहीशेजारी पहिल्या दिवसापासून स्थानिक अधिकारी शिकायला बसवा. देणगीदारांच्या पैशातून वरच्या पदांना जादा पगार देणार असाल, तर तो निधी आटल्यावर पगार कुठून द्यायचा, हे नेमणूकपत्र देण्याआधीच अर्थखात्याकडून लेखी घ्या.