नदीचे पाणी, खुबे आणि मासळी : गोव्यात पाण्याची तपासणी करताना या चुका टाळा

पाणी तपासणीतील सर्वांत मोठी चूक बहुधा बाटली भरण्यापूर्वीच झालेली असते, ती म्हणजे नदीत सदासर्वकाळ एकच पाणी असते असे गृहीत धरण्याची. मांडवी आणि जुवारी या नद्यांत भरती कित्येक किलोमीटर आत चढते, कुंभारजुव्याचा कालवा त्या दोघींना जोडतो, आणि पावसाळ्यात गोडसर होणारे हेच पाणी मे महिन्यात खारे होते. त्यामुळे पणजीच्या धक्क्यावर सकाळी आठ वाजता घेतलेला नमुना आणि दुपारी दोन वाजता घेतलेला नमुना यांची तुलना करणे म्हणजे दोन निराळ्या पाण्यांची तुलना करणे होय. तारीख, वेळ, भरती की ओहोटी, खोली, तापमान, क्षारता आणि आदल्या दोन दिवसांतला पाऊस यांची नोंद नसलेला अहवाल मी तरी बाजूला ठेवतो.

दुसरी चूक प्राणवायूच्या मोजमापातली आहे आणि तीच माशांच्या जिवावर बेतते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीनुसार मत्स्यजीवनासाठीच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान ४ मिलिग्रॅम, पीएच ६.५ ते ८.५ आणि मुक्त अमोनिया १.२ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावा. दुपारी मोजल्यास खाजनातल्या (बांध घालून खाडीपासून मिळवलेल्या जमिनीतल्या) शेवाळलेल्या पोयीतही, म्हणजे तळ्यातही, प्राणवायूचा आकडा सहज ७-८ मिळतो, कारण उन्हात शेवाळ प्राणवायू सोडत असते. रात्री तेच शेवाळ प्राणवायू वापरते आणि सूर्योदयाच्या आधी पातळी सर्वांत खाली येते. पहाटे मानशीजवळ (भरतीचे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दाराजवळ) शेवटे आणि काळुंदर हे मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकताना दिसत असतील आणि तुमचे दुपारचे आकडे उत्तम असतील, तर यंत्र बिघडलेले नाही, तुमची वेळ चुकली आहे.

यंत्रावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये. ३० अंश सेल्सियसला गोड्या पाण्यात सुमारे ७.५ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर समुद्राच्या पाण्यात जेमतेम ६.२. मीटरमध्ये क्षारता भरली नाही, तर खाडीतल्या पाण्याचा आकडा फुगलेला येतो. शंका आल्यास रसायने घालून प्राणवायू मोजण्याची जुनी विंकलर पद्धत वापरावी. त्यासाठी बाटली पाण्याखाली धरून बुडबुडा न राहू देता भरायची आणि मँगनीज सल्फेट व अल्कली-आयोडाइड जागेवरच घालायचे. तपकिरी साका बसला तर प्राणवायू आहे, पांढराच राहिला तर जवळजवळ नाही. हे होडीत बसूनसुद्धा दिसते. रसायने न घालता बाटली तशीच प्रयोगशाळेत नेल्यास वाटेत जंतू प्राणवायू वापरत राहतात आणि नदीऐवजी प्रवासाचे मोजमाप हाती येते.

अमोनियाच्या बाबतीत एकूण आणि मुक्त यांची गल्लत नेहमी होते. माशांना घातक ठरतो तो मुख्यतः मुक्त, म्हणजे अमोनियममध्ये न बदललेला अमोनिया. ३० अंशाला पीएच ७ असताना तो एकूण अमोनियाच्या एक टक्क्याहूनही कमी असतो, पण पीएच ८ ला सात-आठ टक्क्यांपर्यंत जातो. म्हणून पीएच आणि तापमानाशिवाय नुसता एकूण अमोनियाचा आकडा लिहिण्यात अर्थ नाही. खाऱ्या पाण्यात सीओडीची (पाण्यातली घाण रसायनाने जाळायला किती प्राणवायू लागतो ते मोजणारी) नेहमीची चाचणीही फसवते, कारण क्लोराइड त्यात ढवळाढवळ करते आणि प्रदूषण आहे त्यापेक्षा जास्त दिसते. टीडीएस (एकूण विरघळलेले क्षार) मीटरचे तर नावच काढू नये. तो येथे फक्त मीठ मोजतो.

आता खाण्याचा प्रश्न. मासा जिवंत आहे, टवटवीत आहे, म्हणून तो खाण्यास सुरक्षित आहे हा निष्कर्ष चुकीचा आहे. खुबे, तिसऱ्या, कालवे आणि चिखलीच्या खाडीतले मेंडयो हे शिंपल्यांतले जीव दिवसभर पाणी गाळून अन्न मिळवतात, त्यामुळे पाण्यातले जंतू आणि धातू त्यांच्या अंगात साठत जातात. दक्षिण गोव्यातील साळ नदीचा खारेबांद ते मोबोर हा पट्टा २०१८ साली देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत होता. अशा ठिकाणचे पाणी ओहोटीत कितीही नितळ दिसले, तरी मैलापाण्याच्या जंतूंची चाचणी झाल्याशिवाय तिथले खुबे काढू नयेत. या चाचणीसाठी निर्जंतुक बाटली लागते, ती बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांत प्रयोगशाळेत पोहोचवावी लागते, आणि मिनरल वॉटरची रिकामी बाटली विसळून चालत नाही. खुबे रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवले की रेती सुटते, जंतू जातीलच असे नाही. शिजवल्याने जंतू मरतात; शिसे आणि कॅडमियम मात्र तिथेच राहतात.

डिचोली, सत्तरी, सांगे या खाणींच्या भागांतून जुलैत लालभडक पाणी येते तेव्हा पाणी तपासून धातू फारसे सापडले नाहीत, म्हणून लोक निर्धास्त होतात. धातू बहुतांशी गाळाला चिकटून तळाशी बसतात, म्हणून गाळ आणि माशाचे मांस हे दोन्ही तपासावे. मांसाचा अहवाल हाती आला की आकडा ओल्या वजनावर आहे की सुक्या, हे आधी विचारावे. मासळीत शिशाची मर्यादा किलोला ०.३ मिलिग्रॅम आहे आणि ती ओल्या वजनावर आहे. मांसात तीन-चतुर्थांशाहून अधिक पाणी असल्याने सुक्या वजनाचा आकडा चार-पाच पट मोठा दिसतो. विनाकारण घबराट आणि विनाकारण दिलासा, दोन्ही ओले की सुके या एका तपशिलातून निर्माण झालेले मी पाहिले आहेत. (मासळी टिकवण्यासाठी फॉर्मेलिन हे रसायन वापरल्याच्या २०१८ च्या वादानंतर काहींनी नदीच्या पाण्यात फॉर्मेलिन शोधण्याची मागणी केली, तो प्रश्न मासळी पकडल्यानंतरच्या साठवणुकीचा आहे, नदीचा नव्हे.)

मासे एकदम मेले, तर दुसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागलेले फुगलेले मासे गोळा करण्यात काही हशील नाही. मरणपंथाला लागलेले दोन-चार मासे त्याच तासाला बर्फात ठेवावेत, त्याच जागचे आणि वरच्या अंगाचे पाणी वेगवेगळ्या बाटल्यांत घ्यावे, मानस केव्हा उघडली होती ते शेतकऱ्यांना विचारून लिहून ठेवावे, आणि अहवाल येईपर्यंत त्या टापूतली मासळी बाजारात जाऊ देऊ नये.