चवथीला कोडी घालताय? या चुका टाळा

चवथीला घर माणसांनी भरलेलं असतं. दुपारची जेवणं आटोपलेली, बाहेर पावसाची रिपरिप, त्यात वीज गेलेली. अशा वेळी कुणीतरी म्हणतं, "एक कोडं घालू?" मग एक तर सगळं घर त्यात गुंततं, नाहीतर कोडं घालणारा आणि त्याचा मेहुणा तेवढे हुज्जत घालत बसतात आणि बाकीचे आडवे होतात. दुसरा प्रकार घडला तर सोडवणाऱ्यांना नावं ठेवू नका. कोडं बिघडतं ते बहुतेक वेळा घालणाऱ्याच्याच हातून.

उत्तर एकच आहे ना?

समजा तुम्ही विचारलंत, "गोव्यातल्या कुठल्या तालुक्याच्या नावात संख्या लपली आहे?" तुमच्या मनात तिसवाडी, म्हणजे तीस वाड्यांची. पण मडगावची आत्या तुमच्या आधी बोलणार, "सासष्टी! सहासष्ट गावांची." वाळपईचे भावोजी सत्तरीवर अडून बसणार, आणि एखादा चुणचुणीत मुलगा बार्देशातही बारा शोधून काढणार. आता तुम्ही "नाही, माझ्या मनात तिसवाडी होतं" म्हणालात की खेळ संपला. मनातलं ओळखायला लावणं म्हणजे कोडं नव्हे.

यावर इलाज सोपा आहे. कोडं घालण्याआधी आपणच त्याचे शत्रू व्हायचं आणि दुसरं उत्तर बसतं का ते पाहायचं. बसलं तर एक खूण वाढवायची: "उत्तरेला मांडवी, दक्षिणेला झुवारी." लगेच सासष्टी गळते, सत्तरी गळते, बार्देशही गळतो. आणि तेवढं करूनही कुणी तुम्हाला न सुचलेलं, पण सगळ्या खुणांत बसणारं उत्तर दिलं, तर ते मुकाट्याने बरोबर धरा. इथे अहंकार आडवा आला की पुढच्या कोड्याला कुणी बसत नाही.

अटी आधी, गोष्ट नंतर

वाघ, शेळी आणि गवताचा भारा नदीपार न्यायचं कोडं सगळ्यांना ठाऊक असतं, असं आपण धरून चालतो. फार जुनं आहे ते. हजारेक वर्षांपूर्वीच्या लॅटिन संग्रहात तेच लांडगा, बकरी आणि कोबी घेऊन येतं. पण रायबंदरहून चोडणला फेरीबोटीने जाणाऱ्या पोराला ते तसंच सांगितलंत, तर तो म्हणणार, "सगळ्यांना एकदमच चढवा की!" त्याचं चुकत नाही, त्याने बोटीवर स्कूटर आणि गाड्या एकत्र जाताना पाहिल्या आहेत. म्हणून सुरुवातीलाच सांगा: होडी लहान, वल्हवणारा एकच माणूस, एका खेपेला त्याच्यासोबत एकच वस्तू. माणूस जवळ नसला की वाघ शेळीला खातो आणि शेळी गवताला. एवढं स्पष्ट असलं की पुरे. "अरे हो, एक सांगायचं राहिलं" हे वाक्य मधेच आलं की ऐकणाऱ्यांचा विश्वास उडतो.

अडकल्यावर काय करायचं? माणसं बहुधा एकाच ठिकाणी अडतात. शेळी पलीकडे सोडली, रिकामे परत आले, वाघाला नेलं, आणि आता? वाघाला शेळीजवळ ठेवून परतता येत नाही. इथे उत्तर फोडू नका. फक्त विचारा, "एकदा नेलेलं परत आणू नये असं मी म्हटलं का?" चौथ्या खेपेला शेळी परत आणायची, ही युक्ती ज्याची त्याला सापडू दे. पुढे गवत पलीकडे, रिकामं परत, आणि सातव्या खेपेला पुन्हा शेळी.

फॉरवर्ड करताना

तर्काच्या कोड्यात एक आकडा चुकला तरी सगळं कोसळतं. एप्रिल 2015मध्ये सिंगापूरमधून जगभर गाजलेलं शेरिलच्या वाढदिवसाचं कोडं घ्या. शेरिल एका मित्राला फक्त महिना सांगते, दुसऱ्याला फक्त तारखेचा आकडा, आणि दोघांच्या बोलण्यावरून आपण तिचा वाढदिवस ओळखायचा. त्यात 10 तारखा आहेत, आणि 18 व 19 हे दोनच आकडे एकेकदा येतात: जून 18 आणि मे 19. साऱ्या तर्काची खुंटी तिथेच आहे. घाईत मे 19च्या जागी मे 17 टाइप झालं, तर उत्तरच उरत नाही, आणि दहा-बारा माणसं रात्रभर डोकं फोडत बसतात. मूळ कोड्याचं उत्तर जुलै 16. पुढे पाठवण्याआधी स्वतः एकदा सोडवून तिथपर्यंत पोहोचा. "फक्त 2 टक्के लोकांना जमतं" आणि "आइनस्टाइनने लहानपणी रचलं" या ओळी मात्र सरळ पुसून टाका. दुसऱ्या दाव्याला पुरावा नाही, आणि पहिल्याने घरातली लाजाळू माणसं आधीच माघार घेतात.

शब्दखेळात अक्षर म्हणजे काय, ते ठरवून घ्या. म्हापसा तीन अक्षरी की चार? मराठी शब्दकोड्यात जोडाक्षर एका घरात जातं, म्हणून तीन. हे आधी बोललं नाही तर मुलं म आणि ह वेगळे मोजतात. उलटसुलट सारखी वाचायची वाक्यं करताना आणखी एक खाच आहे. "रामाला भाला मारा" चोख आहे. "तो कवी डालडा विकतो" मात्र ऐकायला झकास, पण कवीतला वी दीर्घ आणि विकतोमधला वि ऱ्हस्व. मी स्वतः इतकी सूट देतो. शाळेच्या स्पर्धेत देऊ नये.

आजीच्या जुन्या हुमाण्यांना, म्हणजे तोंडी कोड्यांना, जागा बदलली की थोडा हात लावावा लागतो. "कोकणातून आला भट, धर की आपट" हे घाटावरच्या मुलाला नारळाकडे नेतं. ज्याच्या परसात माड उभे आहेत त्याला नारळ "येतो" म्हणजे काय, तेच कळत नाही. त्याला शेंडीची किंवा तीन डोळ्यांची खूण द्या.

शेवटचं, उत्तराबद्दल. ज्याला आधीपासून माहीत आहे त्याने ते घालणाऱ्याच्या कानात सांगायचं, मोठ्याने नाही. घरच्या ग्रुपवर कोडं टाकलंत तर उत्तरं ग्रुपवर मागूच नका, तुम्हाला वेगळी पाठवायला सांगा. नाहीतर दुबईतला भाचा पहिल्याच मिनिटाला उत्तर टाकतो, आणि मग दिवसभर नुसते अंगठे येत राहतात.