भिंतीला प्लास्टर मारायचं की बोर्ड चिकटवायचा, हे भिंतीलाच विचारा

सिमेंट प्लास्टर की जिप्सम बोर्ड म्हटलं की पहिला प्रश्न असतो, लवकर कुठलं होतं? तर बोर्ड लवकर होतो, त्यात वादच नाही. पण वेळेचा हिशोब शेवटी करायचा. भिंतीत ओल आहे का, ती किती वाकडी आहे आणि उद्या तिच्यावर काय टांगायचंय, एवढं आधी बघितलं की बहुतेक वेळा उत्तर आपोआप मिळतं.

सुरुवात ओलीपासून, कारण इथे चूक झाली तर पुढचं सगळं काम वाया. नुसता हात लावून ओल कळत नाही. फूटभर लांबरुंद जाड प्लास्टिकचा तुकडा घ्या, चारही कडा टेपने भिंतीला घट्ट चिकटवा आणि एक-दोन दिवस तसाच राहू द्या. मग बघा, थेंब प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला असतील तर ओल भिंतीतून येतेय, खोलीकडच्या बाजूला असतील तर तो हवेतला दमटपणा आहे. भिंतीतून येत असेल तर बोर्डाचा विषय तिथेच बंद करा. बोर्ड म्हणजे दोन कागदांच्या मधलं जिप्सम, त्याचं ॲडहेसिव्हपण जिप्समचंच, आणि दोघांनाही सततचं पाणी सोसत नाही, बोर्ड मऊ पडतो, कागदाला बुरशी धरते आणि हे सगळं मागच्या बाजूला चाललेलं असल्यामुळे डाग पुढे येईपर्यंत पत्ताच लागत नाही. प्लास्टर मारून ओल जाते असंही नाही हां, आधी गळती किंवा जोत्याकडून चढणारं पाणी थांबवायलाच लागतं. आणि जुनी दगड-चुन्याची भिंत असेल तर तिला सिमेंट नको, चुन्याचाच गिलावा करा, म्हणजे आतली ओल बाहेर पडायला वाट राहते.

मग ओळंबा सोडा आणि लांब पट्टी लावून भिंतीचे फुगवटे-खड्डे बघा. विटांच्या भिंतीला आतून 12 ते 15 मिमी प्लास्टर नीट बसतं, त्याहून बरंच जाड जात असेल तर एकाच थरात थापू नका, ते स्वतःच्या वजनाने खाली सरकतं नाहीतर सुकताना तडकतं, दोन थर करा. बोर्डामागचं ॲडहेसिव्ह साधारण 10 ते 25 मिमी एवढा फरक आरामात खातं, त्यामुळे खडबडीत, वाकडीतिकडी पण कोरडी भिंत असेल तर बोर्ड खरंच कामाला येतो. सिमेंट प्लास्टरचं वजनही जास्त, चौरस मीटरला ढोबळ 25 किलो धरा, 12.5 मिमीचा बोर्ड 8-9 किलोच्या आसपास.

वजन टांगण्याच्या बाबतीत मात्र प्लास्टरच उजवं. प्लास्टर मारलेल्या भिंतीत कुठेही ड्रिल करा, खाली वीट आहेच. बोर्डामागे पोकळी असते, तिथे साधा प्लग धरत नाही, थेट विटेपर्यंत जाणारे लांब स्क्रू लागतात आणि घट्ट पिळले की बोर्ड आत दबतो. म्हणून कपाट, टीव्ही, गीझर, बेसिन कुठे येणार ते आधीच भिंतीवर आखून घ्या आणि त्या जागी मागे भरगच्च ॲडहेसिव्ह भरा. आवाजाचंही तसंच. ओलं प्लास्टर विटांमधली बारीक छिद्रं आणि सांधे बुजवून टाकतं, बोर्डामागची पोकळी उलट घुमते, त्यामुळे शेजारच्या घराला लागून असलेल्या भिंतीला मी तरी प्लास्टरच सुचवेन.

आता प्रत्यक्ष काम. प्लास्टर करताना विटांचे सांधे 10-12 मिमी खोल खरवडा, धूळ झाडा, काँक्रीट गुळगुळीत असेल तर छिन्नीने टाचे मारून ते खडबडीत करून घ्या, वायरिंगचे पाइप आधी बसवा, आणि वीट-काँक्रीट जिथे भेटतात तिथे जाळी मारायला विसरू नका, तडे पहिले तिथेच जातात. भिंत भिजवा पण वरून पाणी ओघळत असताना माल मारू नका. 1:6 चा माल, म्हणजे एक भाग सिमेंटला सहा भाग वाळू, आतल्या भिंतीला पुरतो. आधी ओळंब्यात ठिय्ये, म्हणजे जाडी दाखवणारे मालाचे छोटे ठोकळे, करून घ्या, मग मधे माल भरून पट्टीने ओढा आणि रंध्याने (सपाट लाकडी पाटीने) घासा. वरून कोरडं सिमेंट भुरभुरायची सवय फार आहे, ती अजिबात नको, त्यानेच केसासारख्या भेगा येतात. किमान 7 दिवस पाणी मारा, त्यात कंटाळा केला तर प्लास्टर भुसभुशीत राहतं.

बोर्डासाठी भिंत कोरडी, स्वच्छ आणि घट्ट हवी, सुटणारा जुना रंग खरवडून काढा, कारण बोर्ड रंगाला चिकटेल आणि रंग भिंतीला सोडेल. सगळ्यात पुढे आलेला फुगवटा शोधा, तिथून साधारण 25 मिमी पुढे जमिनीवर आणि छतावर दोरीने रेघ मारा, बोर्डाचा चेहरा या रेघेवर यायला हवा. बोर्ड खोलीच्या उंचीपेक्षा सुमारे 15 मिमी कमी कापा. ॲडहेसिव्ह पाण्यात पावडर टाकून कालवा, थापीवरून घसरणार नाही इतकं घट्ट, आणि एक-दोन बोर्डांपुरतंच. बादली दरवेळी धुवा, कारण आधीच्या मालाचे कडक झालेले कण राहिले की नवं जिप्सम फार पटकन आवळतं, म्हणजे कडक होतं. आवळायला लागलेल्या मालात पाणी घालून तो परत चालवायचा नाही.

भिंतीवर उभ्या ओळींत हातभर नाही, वीतभर लांबीचे गोळे मारा, 1200 मिमी रुंद बोर्डाला तीन-चार ओळी. पण नुसते गोळे मारून थांबू नका. चारही कडांना आणि स्विचबोर्डच्या भोवती सलग पट्टा भरा, नाहीतर बोर्डामागे हवा खेळत राहते, खोलीतली ऊब जाते आणि कडा दाबल्या की लवचिक वाटतात. बोर्ड लावा, खाली पाचर देऊन छतापर्यंत उचला, मग लांब पट्टी उभी, आडवी, तिरकी धरून तिच्यावर हलके ठोके देत रेघेपर्यंत आणा. मुठीने बोर्डावर थेट ठोकू नका, तिथे खड्डा पडतो. खालची फट राहू दे, जमिनीचं पाणी बोर्डात चढत नाही, नंतर स्कर्टिंगखाली ती झाकते. ॲडहेसिव्ह पक्कं झालं की प्रत्येक बोर्डाला भिंतीत जाणारे थोडे फिक्सिंग ठोका, आगीत ॲडहेसिव्ह सुटलं तरी बोर्ड अंगावर येऊ नये म्हणून. सांध्यांवर कागदी टेप आणि जॉइंट कंपाउंडचे थर, प्रत्येक थर सुकल्यावरच पुढचा. बाथरूममध्ये ओलावा सहन करणारा बोर्ड घ्या, आणि शॉवरच्या भिंतीला त्यावरही वॉटरप्रूफिंग करून मगच टाइल. छताला मात्र हे गोळ्यांचं काम कधीही करू नका, तिथे फ्रेम करून स्क्रूनेच बोर्ड मारायचा.

बोर्डाचे सांधे सुकले की रंग लगेच चालतो, सिमेंट प्लास्टरला चारेक आठवडे सुकू द्या. एकाच खोलीत बाहेरच्या भिंतीला प्लास्टर आणि आतल्या भिंतीला बोर्ड असं करणार असाल तर दोघं जिथे भेटतात त्या कोपऱ्यात पुटी भरून एकजीव करू नका, बारीक खाच सोडा किंवा रंगवता येणारं लवचिक सीलंट भरा.