कोकणात तंबू ठोकण्याआधी

तारीख पक्की करण्याआधी कालनिर्णय काढा आणि तिथी बघा. कोकणात मुक्कामाची जागा निवडताना आधी पाण्याचा विचार करायचा आणि मग देखाव्याचा, असं माझं ठाम मत आहे. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाणी कमी चढतं. उधाणाची भरती किनाऱ्यावर बरीच वर चढते. भरतीची वेळ काढायची जुनी रीत सोपी आहे. तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थीला ३, अष्टमीला ६, साधारण तेवढ्या वाजता पाणी पूर्ण भरतं आणि सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. गावागणिक अर्धा-पाऊण तास मागंपुढं होतं, म्हणून पोचल्यावर मच्छीमारांना विचाराच. वाळूवर काटक्या-कचऱ्याची जी रेघ दिसते ती भरतीची खूण. पण भांगाच्या दिवसांत गेलात तर ताजी रेघ खालीच असते. तिच्यावर विसंबू नका, वरची जुनी रेघ शोधा आणि तिच्याही वर, वेली-झुडपं रुजलेल्या वाळूत तंबू टाका.

दिवस नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचे उत्तम. एप्रिल-मे मध्ये रात्रीही घाम सुटतो, आणि पावसाळ्यात किनाऱ्यावर तंबू नकोच. दुपारी खारा वारा समुद्राकडून येतो, रात्री मतलई वारा जमिनीकडून. म्हणून तंबूला दोन्ही बाजूंनी जाळी हवी, म्हणजे दोन्ही वेळा हवा खेळते. वाळूत नेहमीच्या खुंट्या टिकत नाहीत. रिकाम्या पिशव्या न्या, त्यांत वाळू भरा, दोरी बांधून हातभर खोल पुरा.

सावलीसाठी सुरूचं बन छान, मात्र सुरूच्या वाळक्या सुया झटकन पेटतात, चूल बनात मांडू नका. माडाखाली तंबू कधीही नाही. नारळ पडतो, झावळी पडते, आणि दोन्ही डोक्यावर पडण्यासारख्या वस्तू नव्हेत.

तळ्याकाठी जायचं असेल तर मालवण तालुक्यातलं धामापूर मनात येतंच. १५३० साली बांधलेला हा तलाव, काठावर भगवतीचं देऊळ आणि भोवती दाट झाडी. इथं मुक्काम करायचा तर ग्रामपंचायतीला आणि देवस्थानाला आधी विचारा, आणि तलावात साबण लावून अंघोळ किंवा भांडी करू नका. काठाला अगदी चिकटून राहू नका. तिथं वारा पडतो आणि डास फार. थोडं चढावर सरकलात की झोप लागते.

तिलारीच्या जलाशयाचं आकर्षण मोठं, पण दोडामार्ग तालुक्यात रानटी हत्तींचा वावर आहे. केळी-माडांच्या बागांत ते रात्री उतरतात. तिथं उघड्यावर तंबू टाकू नका, गावातल्या घराच्या अंगणात जागा मागा. याच तालुक्यात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. तो गोचिडीतून पसरतो आणि जोर जानेवारी ते मे मध्ये असतो. पाय झाकणारे कपडे घाला, पाल्यापाचोळ्यावर बसू नका, रानात मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा. चिपळूणजवळची वाशिष्ठी आणि महाडजवळची सावित्री, दोन्हींत मगरी आहेत. तिथं नदी-खाडीच्या काठावर तंबू नको आणि पाण्यात उतरणं तर नकोच.

सापांचं भान कातळावर जास्त ठेवा. फुरसं दगडांच्या आडोशाला असतं, मण्यार रात्री झोपलेल्याला चावते आणि चावल्याचं कळतही नाही. चेन सदैव लावलेली, बूट झटकून घालायचे, रात्री विजेरीशिवाय पाऊल टाकायचं नाही. निघण्यापूर्वी जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात सर्पदंशावरची लस आहे का, हे फोन करून विचारून ठेवा. साप चावला तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, ते रुग्णालयच गाठा. हा फोन करायला लोक टाळतात, आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

गोडं पाणी कुठलं, हेही आधीच ठरवा. उन्हाळ्यात किनाऱ्यालगतच्या विहिरी मचूळ होतात. माणशी दिवसाला चार लिटर तरी पिण्याचं पाणी सोबत असू द्या.

वेळास, आंजर्ले किंवा गुहागरच्या किनाऱ्यावर हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. तिथं वाळूवर शेकोटी आणि झगझगीत दिवे नकोत. उजेडाने पिल्लं समुद्राऐवजी भलतीकडे वळतात. गावातच घरी उतरा आणि पहाटे कासवमित्रांबरोबर, म्हणजे घरटी राखणाऱ्या गावकऱ्यांबरोबर, किनाऱ्यावर जा.

जागा कुणाची आहे हे विचारल्याशिवाय खुंटी ठोकू नका. वाडीच्या मालकाला, नाहीतर पोलीस पाटलाला नाव-फोन देऊन ठेवा. निघताना कचरा गाडीत घ्या, बहुतेक वाड्यांत तो उचलायला कुणी येत नाही.